किटलीचा नंबर

बस बंद पडली तेव्हा तिला रागसुद्धा आला नाही. राग यायला अंगात थोडी तरी ताकद लागते, आणि तिची ती दोन बंदरं मागेच संपली होती. ड्रायव्हरने बसच्या पोटात डोकं घातलं, प्रवाशांनी घालायच्या त्या शिव्या घातल्या, आणि ती आपली पिशवी खांद्यावर टाकून उतारावरून चालायला लागली. खाली एक गाव दिसत होतं. गावाच्या टोकाला धक्का, आणि धक्क्याला लागून जाड भिंतींची, जेमतेम एका खिडकीची लांबलचक इमारत. दारावर रंगाने लिहिलं होतं – ‘संग्रहालय. दार ओढू नये, ढकलावे.’

तिने ओढलं. मग ढकललं.

आत कोणी नव्हतं. मासळीसाठी बर्फ करायचा हा जुना कारखाना असावा, कारण भिंतींतून अजून गारवा येत होता. बाहेरचा वारा मात्र दाराशीच थांबला, आणि तेवढ्यानेही तिला बरं वाटलं. समोर छतापर्यंत टांगलेली जाळी, कोपऱ्यात नांगर, भिंतीवर मिशीवाल्या माणसांचे फोटो. सगळं ओळखीचं. या किनाऱ्यावरच्या प्रत्येक संग्रहालयात हे असंच असतं, आणि प्रत्येक जण सांगतो की आमच्यासारखं कुठेच नाही. ती जवळच्या लाकडी पेटीवर टेकली, ओले बूट काढले आणि डोळे मिटले. दोनच मिनिटं, असं तिने स्वतःला सांगितलं.

“त्याच्यावर बसू नका असं लिहिलंय.”

तिने डोळे उघडले. समोर एक माणूस उभा होता. हात कोपरापर्यंत ऑईलने काळे, आणि ते कशाला लागू नयेत म्हणून अंगापासून लांब धरलेले.

“कुठे लिहिलंय?”

“तुम्ही त्याच्यावरच बसला आहात.”

ती उठली. खरंच, पेटीच्या झाकणावर कागद होता, आणि आता तो बराच चुरगळला होता. पुऱ्या किनाऱ्यावर लोकांना ‘वस्तूंवर टेकू नका’ म्हणून झापत आलेली बाई ती, आणि तिला हे ऐकून घ्यावं लागत होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी ती लाजेने अर्धी झाली असती. आज तिने फक्त कागद हाताने सपाट करायचा प्रयत्न केला.

“राहू द्या,” तो म्हणाला. “आत्या रोज दुपारी तिथेच डुलकी काढते. तिकीट घेतलंत?”

“बाहेर कोणी नव्हतं.”

“म्हणजे आत्या जेवायला गेली. मग तुम्ही फुकट.” त्याने कोपराने एक खुर्ची तिच्याकडे सरकवली. “बसा, किंवा बघा. बघायला फार वेळ लागत नाही.”

सवय वाईट असते. ती बसली नाही, वाचायला लागली. नांगराखाली लिहिलं होतं – ‘नांगर. खूप जुना. पलीकडच्या बंदरातले लोक त्यांचा जास्त जुना आहे म्हणतात. म्हणू देत.’ एका अखंड खोडातून कोरलेल्या होडीखाली – ‘होडी. कोणी केली ते माहीत नाही, पण मन लावून केली आहे.’ आणि एका वाकड्या, भोकं पडलेल्या लोखंडी वस्तूखाली – ‘हे काय आहे ते कोणालाच माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर कृपया आत्यांना सांगावे.’

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून की काय, ते आवरलंच नाही. गार भिंतींना आपटून ते परत आलं, आणि स्वतःचंच हसणं तिला परक्या बाईचं वाटलं.

“सॉरी,” ती म्हणाली.

“नाही नाही, हसा की. मागे एक जण आला होता तो चिडून गेला. त्याला बर्फ हवा होता.”

“हे कागद कोणी लिहिले?”

“मीच. का... चुकलंय काही?”

“नाही. फक्त...” ती जरा थांबली. “एवढं खरं कुठेच लिहिलेलं नसतं.”

तो चिंधीला हात पुसत होता, ते करता करता थांबला. मग त्याचं लक्ष तिच्या पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या पांढऱ्या फितींकडे गेलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

“तुम्ही उद्या येणार होतात ना?” तो म्हणाला. “नंबरवाल्या बाई?”

*

नंबरवाली बाई. किनाऱ्यावर सगळीकडे तिचं हेच नाव झालं होतं.

काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं होतं. शहरातल्या मोठ्या संग्रहालयाने तिला पाठवलं होतं. प्रत्येक छोट्या संग्रहालयात जायचं, प्रत्येक वस्तूला सुती फितीने नंबर बांधायचा, दिवसभराचे नंबर संध्याकाळी कचेरीला कळवायचे, आणि शेवटी आपलं मत द्यायचं – वस्तू इथेच राहाव्यात की शहरात आणाव्यात. एकदा नंबर बांधला की वस्तू मोठ्या संग्रहालयाची. मग तिला कोणी वापरायचं नाही, हलवायचं नाही, आणि समितीच्या परवानगीशिवाय फीत सोडायची नाही. समिती कधी बसते ते समितीलाच ठाऊक.

ही कडक शिस्त उगाच आली नव्हती. काही वर्षांपूर्वी कोणीतरी चुकून झाडूवाल्या बाईंच्या बादलीला नंबर बांधला होता. ती बादली ‘पाणी साठवण्याचे पात्र’ म्हणून काचेच्या कपाटात चढली आणि पाहुणे तिच्याकडे आदराने बघत राहिले. शेवटी बाईंनीच ती ओळखली, आणि पेपरवाल्यांची चंगळ झाली. तेव्हापासून साहेबांनी बादलीचा धसका घेतला होता. “एक नंबर चुकीचा निघाला,” त्यांनी निघतानाच बजावलं होतं, “तर सगळा किनारा पुन्हा पहिल्यापासून तपासायचा. आणि तो तुम्हीच तपासायचा. सगळं नीट झालं, तर परत आल्यावर मुख्य कचेरीत खुर्ची तुमची.”

खुर्ची. ती हल्ली देवाचं नाव घ्यावं तसं त्या खुर्चीचं नाव घेत असे. ती एका जागी असेल. तिच्यासमोर टेबल असेल. संध्याकाळी उठून ती स्वतःच्या घरी जाईल, स्वतःच्या पलंगावर झोपेल, आणि सकाळी पिशवी भरावी लागणार नाही. हे शेवटचं संग्रहालय होतं. एवढं उरकलं की झालं.

हे सगळं तिने त्या माणसाला दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. एरवी ती कोणाला सांगत नसे.

गावात त्याला किल्लीवाला म्हणत. सकाळी तो धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करी, आणि दुपारनंतर संग्रहालय उघडी. वडील जन्मभर होडी घेऊन समुद्रावर जायचे; ते वारल्यावर त्यांच्या जुन्या वस्तू ठेवायला त्याने हा कारखाना मागितला, मग गावातल्या लोकांनी आपापल्या घरची अडगळ आणून टाकली, आणि बघता बघता त्याचं संग्रहालय झालं. आत्या दाराशी बसून तिकिटं फाडत असे. तिला कमी ऐकू येई, पण जे ऐकायचं नाही ते बरोबर ऐकू येई.

“मग खुर्ची मिळाली की काय करणार?” त्याने विचारलं.

“बसणार.”

“आणि मग?”

“मग... बसून राहणार.”

तो हसला. चहाची किटली त्याने पुन्हा तिच्या कपावर वाकडी केली. अॅल्युमिनियमची, पोचे पडलेली, मुठीला दोरा गुंडाळलेली किटली. वडिलांच्या होडीवरची, त्याने सांगितलं. कितीही वादळ असो, ती कधी कलंडली नाही म्हणे. तिच्या तोटीतून चहा एका बाजूला तिरका पडे, म्हणून कप जरा डावीकडे धरावा लागे. पहिल्या दिवशी चहा तिच्या मनगटावर पडला होता. दुसऱ्या दिवशी तिचा हात आपोआप डावीकडे गेला, आणि ते त्याने पाहिलं.  

दिवस असेच गेले. बाहेर धुक्यासारखा बारीक पाऊस भुरभुरत राही, आणि आत ती एकेक वस्तू उचलून फीत बांधी. तो नंबर मोठ्याने वाची, ती कचेरीसाठी टिपून घेई. छत चार ठिकाणी गळत होतं. होडीवर त्याने मोठी छत्री उघडून बांधली होती, आणि रोज तिची जागा तो थोडी थोडी बदली, कारण गळतीही जागा बदले.

“हिच्यावर तुम्ही छत्री धरता,” ती एकदा म्हणाली, “आणि स्वतः भिजत येता.”

“माझ्यावर कोण धरणार?”

“आत्या?”

“आत्या म्हणते, तू काय मिठाचा आहेस का.” मग जरा थांबून, “आणि तुमच्यावर? म्हणजे... शहरात. कोणी आहे का धरायला?”

तिने गाठ मारली. ती गाठ आधीच मारलेली होती, हे तिच्या नंतर लक्षात आलं. “माझ्याकडे रेनकोट आहे,” ती म्हणाली.

“हे उत्तर झालं का?”

“प्रश्न तरी सरळ होता का?”

दाराशी आत्या खोकली. “अगं, माणसांना नाही का बांधत नंबर?”

“नाही हो आत्या. फक्त वस्तूंना.”

“मग कठीण आहे,” आत्या म्हणाली, आणि पुन्हा तिकिटांकडे वळली.

शेवटच्या दिवशी फक्त खिडकीजवळचं फडताळ उरलं होतं. अख्ख्या इमारतीत कोरडी म्हणावी अशी ती एकच जागा, म्हणून घरगुती भांडी सगळी तिथे होती. ताटल्या, तांबडी मडकी, माशाचं तेल ठेवायचे बुधले. तो इंजिनाच्या कामाला अडकला होता, म्हणून ती एकटीच बांधत होती. रात्रभर खोकल्याने झोप नव्हती. डोळे चुरचुरत होते, पाठीचा कणा आपला नाही असं वाटत होतं, पण हात चालत होते. वस्तू उचल, फीत ओव, गाठ मार, पुढची घे. या हातांना आता तिची गरजच उरली नव्हती. संध्याकाळच्या आत तिने नंबर कचेरीला कळवून टाकले आणि पिशवी भरली.

बसथांब्यावर तो सोडायला आला. पिशवी त्याच्या खांद्यावर होती.  शेवटी तीच बोलली, कारण हे न सांगता बसमध्ये बसणं तिला जमलं नसतं.

“मी ‘हलवा’ असं लिहिणार आहे.”

“हं.”

“होडी आतून मऊ पडायला लागलीय. खारी हवा, वरून गळती... तुमची छत्री तिला पुरणार नाही. खोटं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण ती कुजली असती.”

तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता. “मला माहीत आहे,” तो म्हणाला. “रोज हात लावून बघतो मी तिला. मीही दमलोय. पण हे तोंडाने बोलायचा धीर झाला नसता.” मग तिच्याकडे न बघताच, “सगळं गेलं की तुम्ही परत यायचं काही कारण उरणार नाही.”

तिला म्हणायचं होतं... काय म्हणायचं होतं तेच नीट सुचेना. दमलेल्या माणसाला शब्द नेमके हवे तेव्हा दगा देतात. बस आली. त्याने पिशवी वर चढवली. मागच्या काचेतून तिने पाहिलं, तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, आणि त्याच्या अंगावर रेनकोटसुद्धा नव्हता.

*

ट्रक घेऊन ती परत आली तेव्हा ऋतू बदलला होता, पण भुरभुर तीच होती. मधल्या दिवसांत तिने खुर्ची पाहिली होती. खरी खुर्ची, चाकांची, पाठीला उशी असलेली. साहेबांनी तिला बसवूनसुद्धा पाहिलं होतं. “हा शेवटचा माल आला की कायमची,” ते म्हणाले होते. ती बसली होती, डोळे मिटले होते, आणि तिला चहाची तल्लफ आली होती. कचेरीत चहा होता. मशीनचा. कप कुठेही धरला तरी चालत होता.

दार तिने या वेळी ढकललं. आत्याने मान वर केली, तिला ओळखलं, आणि तोंड फिरवलं. आत्या कधी तोंड फिरवत नसे.

तो आतून आला. हात धुतलेले होते, केसही विंचरलेले होते, आणि ते दोन्ही त्याला शोभत नव्हतं.

“आलात,” तो म्हणाला.

“आले.”

“खोकला?”

“गेला.”

“बरं झालं. चहा घेणार?”

“ट्रकवाला थांबलाय...” ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, “हो.”

तो गेला आणि भांड्यातून चहा घेऊन आला. वाकड्या दांडीचं दुधाचं भांडं, आणि ते पकडायला चिमटाही नव्हता, फडकं होतं. ओतताना चहा अर्धा कपात आणि अर्धा जमिनीवर पडला, आणि त्याने बोट तोंडात घातलं. तिने सवयीने कप डावीकडे धरला होता. तो तिथेच रिकामा राहिला.

“किटली कुठे गेली?”

“किटली... आहे.”

“कुठे?”

“आहे ना. ठेवलीय.”

“अरे, सांग की तिला,” दाराशी आत्या म्हणाली. आज तिला सगळं ऐकू येत होतं. “नाहीतर मी सांगते. अगं, तूच बांधलास तिला नंबर. किटलीला. आम्ही इकडे महिनोन्‌महिने बोटं भाजून घेतोय, आणि हा म्हणतो, वापरायची नाही, नियम आहे.”

 ती खिडकीजवळच्या फडताळाकडे गेली. ताटल्या, मडकी, बुधले, आणि मधोमध, पुसून लख्ख केलेली, किटली. मुठीच्या दोऱ्याशेजारी तिची पांढरी फीत होती. नंबर दोनशे अकरा. गाठ तिचीच होती, डावीकडून मारलेली. खाली त्याच्या अक्षरात कागद होता – ‘किटली. होडीवरची. कलंडत नाही. शेवटचा चहा एका दमलेल्या बाईंनी घेतला.’

ती ते वाचत उभी राहिली. बादलीचं हसं झालं तेव्हा तीही इतरांबरोबर पोट धरून हसली होती. असं कसं होऊ शकतं एखाद्याकडून, असंही म्हणाली होती.

“तुम्ही मला फोन का नाही केलात?” तिने शेवटी विचारलं.

“तुम्ही गेल्यावर चहा करायला गेलो तेव्हा दिसलं. तोवर नंबर कचेरीत पोचले होते.” तो खांदे उडवून म्हणाला. “एक नंबर चुकला तर सगळा किनारा पुन्हा... तुम्हीच सांगितलं होतंत. आणि फीत सोडून टाकली असती, तर नंबर आहे आणि वस्तू नाही, असं निघालं असतं. तेही तुमच्याच अंगावर आलं असतं.”

“पण ती तुमच्या वडिलांची आहे.”

“वडील गेले. किटली काय, शहरात राहील. कोरड्या जागेत. लोक तिकीट काढून बघतील.” त्याने हसायचा प्रयत्न केला. “तुम्ही त्या दिवशी काय दिसत होतात, तुम्हाला माहीत नाही. उभ्या उभ्या झोपत होतात. त्या माणसाला पुन्हा सगळा किनारा पायाखाली घालायला लावायचा, एका किटलीसाठी? माझ्याच्याने नाही झालं.”

तिने फितीची गाठ बोटाने चाचपली. 

“फोन मात्र उचलला होता मी,” तो हळूच म्हणाला. “बऱ्याचदा. तुमचा आवाज ऐकावा म्हणून... पण मग बोलणार काय? माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, आणि नेमकं तेच सांगायचं नव्हतं.”

“एकच होतं?”

त्याने कानामागे हात नेला. “दोन होती,” तो म्हणाला.

ट्रकवाला आपली माणसं घेऊन आत आला आणि कामाला लागला. होडी आधी गेली, छत्री सोडवून, चौघांच्या खांद्यावर, चादरींत गुंडाळून. मग जाळी, पेटी, नांगर. काय आहे ते कोणालाच माहीत नसलेली लोखंडी वस्तूही गेली, आणि आत्याने तिला हात लावून निरोप दिला. भिंती रिकाम्या व्हायला लागल्या तसा कारखाना पुन्हा बर्फाचा वाटायला लागला. ती प्रत्येक नंबर वाचून ‘हो’ म्हणत होती. मन मात्र त्या कोरड्या फडताळाशी होतं.

गप्प बसणं किती सोपं होतं. ‘हो’ म्हणायचं, किटली पेटीत जाईल. कोणाला कळणार होतं? किटलीसारखी किटली, जुनी दिसतेय, पोचे आहेत. आणि मग खुर्ची, टेबल, स्वतःचा पलंग. नाहीतर पुन्हा त्या बसा, ओले बूट, दर गावात परकी उशी, आणि आमचा नांगर जास्त जुना. नुसत्या विचाराने तिच्या पोटऱ्या दुखायला लागल्या.

“दोनशे अकरा,” ट्रकवाला म्हणाला. “किटली.”

ती फडताळाकडे बघत राहिली.

“बाई? दोनशे अकरा. घेऊ ना?”

“घ्या,” तिच्या मागून तो म्हणाला. अगदी हलक्या आवाजात. “जाऊ द्या तिला. तुम्ही बसा आता, तुमच्या खुर्चीत.”

आणि त्या ‘बसा’ने तिचं गप्प बसायचं अवसान गळालं. एवढ्या दिवसांत साहेबांनी तिला बसवून दाखवलं होतं, घरच्यांनी फोनवर ‘स्वतःला जप’ म्हटलं होतं, पण तिने बसावं म्हणून स्वतःचं काही सोडून दिलेलं माणूस तिने पाहिलं नव्हतं. तिने पिशवीतून छोटी कात्री काढली.

“काय करताय?” तो पुढे आला. “नियम...”

“नियम मला पाठ आहेत,” ती म्हणाली, आणि फीत कापली.

मग तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. आत्याने कानामागे हात धरला.

“साहेब, एक नंबर चुकलाय माझा... हो, दोनशे अकरा. किटली आहे... नाही, प्राचीन नाही, चहाची... नाही साहेब, झाडूवाल्या बाईंची नाही. इथल्या माणसाची आहे. रोज वापरतात... हो. फीत मीच सोडली. लिहून देते... हो, मला माहीत आहे. सगळा किनारा.” पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. ती डोळे मिटून ऐकत होती. “खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या साहेब,” ती शेवटी म्हणाली. “हो... सांगितलं ना, माझीच चूक.”

फोन ठेवल्यावर तिने टेकायला इकडेतिकडे पाहिलं. बसायला आता पेटीसुद्धा नव्हती. तिने किटली उचलली आणि त्याच्या हातात दिली.

“वेड्या आहात तुम्ही,” तो म्हणाला.  “एवढी वणवण त्या खुर्चीसाठी...”

“मला खुर्ची नकोय. चहा हवाय.” मग तिला स्वतःलाच राहवेना. “आणि तुमच्या हातचा हवाय. रोज. हे मी बसथांब्यावरच सांगणार होते, पण तेव्हा सुचलं नाही... आत्ताही फार नीट सुचत नाहीये. पण आहे ते असं आहे. तुम्ही आवडता मला. ट्रक गेला की मला इथे यायला कारण उरणार नाही म्हणालात ना? तर तेवढं एक कारण आहे.”

तो किटली छातीशी धरून उभा राहिला. मग तिचा हात हातात घेतला, फीत बांधून बांधून बोटांना घट्टे पडलेला, आणि त्यावरचा तिने कधीच न पुसलेला शाईचा डाग अंगठ्याने पुसायला लागला. डाग काही निघेना. तरी तो पुसत राहिला.

“दुसरं सांगायचं होतं ते हेच,” तो म्हणाला. “तुम्ही आधी सांगून टाकलंत.”

ट्रकवाल्याने घसा साफ केला आणि विचारलं की दोनशे बारा घ्यायचा का.

*

त्या दुपारी चहा पिताना त्यानेच विषय काढला. पलीकडचं बंदर रस्त्याने गेलं तर डोंगराला वळसे घालून अर्धा दिवस खातं. धक्क्यावरून मात्र ते समोरच दिसतं. त्याच्याकडे स्वतःची चालती होडी आहे, इंजिन त्याने स्वतः बसवलेलं आहे, आणि आता दुपारी उघडायला संग्रहालय नाही.

“म्हणजे तुम्ही माझ्याबरोबर सगळा किनारा हिंडणार?” तिने विचारलं. “एकेक नांगर बघत?”

“त्यांचा नांगर खरंच जास्त जुना आहे का, ते मला एकदा बघायचंच होतं.”

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की सबंध ऋतूभर ती या समुद्राच्या काठाकाठाने फिरली, त्याच्या वस्तू मोजल्या, आणि त्याच्यावर एकदाही गेली नाही.

आत्या धक्क्यापर्यंत आली. तिने होडीत शाल टाकली, चहा-साखरेचा डबा टाकला, आणि कंबरेवर हात ठेवून दोघांकडे बघितलं.

“माणसांना बांधत नाहीत म्हणालीस ना नंबर?” ती म्हणाली. “तुझ्याकडे एखादी फीत उरली असेल तर बघ. याला घेऊन जातेयस, म्हणून म्हटलं.”

“आत्या, एकदा बांधला की परत मिळत नाही हं.”

“कोणाला हवाय परत,” आत्या म्हणाली, आणि दोर सोडला.

पाऊस थांबला होता. पाणी राखाडी आणि शांत होतं, आणि किनारा, तो सगळा लांबलचक, थकवणारा किनारा, पहिल्यांदाच तिच्यापासून थोडा लांब सरकला. तिने पाय वर घेतले, शाल ओढून घेतली, आणि त्याच्या खांद्याला टेकली. दोनच मिनिटं, असं ती म्हणाली. तो म्हणाला, इथे बसू नका असं कुठेही लिहिलेलं नाही. ते तिने ऐकलं की नाही, कोण जाणे. तिचा श्वास तोवर लांब झाला होता. त्याने इंजिन हळू केलं. समोरचं बंदर आता उशिरा येणार होतं, आणि पायाशी ठेवलेली किटली जरासुद्धा कलंडली नव्हती.